बळावलेली जखम आणि आधीच घेतलेली भरपाई

कारखान्यात यंत्रावर किंवा रस्त्यावर मालमोटारीवर काम करणाऱ्या मनुष्याला अपघात झाला, काही आठवड्यांत जखम भरत आली असे वाटले, मालकाच्या किंवा विमा कंपनीच्या माणसाने पुढे केलेल्या कागदावर सही करून त्याने ठरलेली रक्कम पदरात पाडून घेतली, आणि पुढे तीच जखम चिघळून बोट, हात किंवा पाय गमावण्याची पाळी आली, तर पूर्वी पत्करलेला मार्ग सोडून अधिक भरपाई देणाऱ्या दुसऱ्या मार्गाने त्याला जाता येते की नाही, हा प्रश्न कामगारांच्या घरांत वारंवार उपस्थित होतो, आणि बहुधा फार उशिरा उपस्थित होतो. त्याचे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा एका शब्दात देणाऱ्या सल्लागारावर वाचकांनी विसंबू नये. कारण सही कोणत्या कागदावर झाली, तो कागद कोणत्या कचेरीत नोंदला गेला, आणि पैसे एकरकमी घेतले की हप्त्यांनी, या तीन गोष्टींची रुजवात घातल्याशिवाय ते उत्तर देताच येत नाही.

आपल्याकडे अशा जखमी मनुष्यापुढे जे मार्ग असतात त्यांची प्रथम ओळख करून घेतली पाहिजे. सर्वांत जुना मार्ग १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याचा. हा कायदा १ जुलै १९२४ पासून अमलात आला, २०१० पासून ‘कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम’ या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की, अपघात कामामुळे व काम चालू असताना झाला एवढे सिद्ध झाले की मालकाची चूक दाखवावी लागत नाही. दुसरा मार्ग दिवाणी न्यायालयातील नुकसानीच्या दाव्याचा, ज्यात मालकाचा निष्काळजीपणा, उदाहरणार्थ यंत्राला संरक्षक जाळी न बसवणे, पुराव्याने शाबीत करावा लागतो. तिसरा मार्ग, अपघात मोटार वाहनाचा असल्यास, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. आणि चौथा, ज्यांचा पगार मासिक २१,००० रुपयांच्या मर्यादेत असून ज्यांची वर्गणी राज्य विम्यात भरली जाते, त्यांच्यासाठी १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचा. पण हा मार्ग ज्याला लागू झाला त्याला निवडीचे स्वातंत्र्य फारसे उरत नाही, कारण त्या कायद्याचे ५३ वे कलम विमेदार कामगाराला त्याच इजेबद्दल नुकसानभरपाई कायद्याखाली मालकाकडून काही वसूल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली ही बंदी काटेकोरपणे लागू केली आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून १९२३ व १९४८ चे हे दोन्ही कायदे तिने आपल्या पोटात घेतले आहेत. भरपाईच्या मागण्या ऐकणाऱ्या आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आला आहे, आणि घरापासून कामाच्या जागेपर्यंतच्या प्रवासात झालेला अपघातही, त्याचा नोकरीशी संबंध दिसत असेल तर, कामावरील अपघात मानला जाऊ लागला आहे. नुकसानभरपाईची मूळ चौकट मात्र बहुतांशी तशीच ठेवलेली आहे. भरपाईचा हक्क अपघाताच्या दिवशी जन्मतो हे तत्त्व न्यायालयांनी दीर्घकाळ मानलेले असल्यामुळे, ज्यांचे अपघात त्या तारखेपूर्वीचे आहेत त्यांच्या हक्कांचे मोजमाप जुन्या कायद्यानेच होते. आणि जखम पुढे बळावल्याची प्रकरणे स्वभावतःच जुन्या अपघातांची असल्यामुळे या लेखात मी जुन्या कायद्याचीच कलमे सांगत आहे. अर्ज लिहिताना अपघाताची तारीख पाहून कोणता कायदा लावायचा ते ठरवावे, कारण नव्या संहितेत कलमांचे क्रमांक निराळे आहेत.

आता निवडीच्या बंधनाकडे वळू. १९२३ च्या कायद्याच्या तिसऱ्या कलमाचे पाचवे पोटकलम असे सांगते की, ज्याने त्या इजेबद्दल दिवाणी न्यायालयात दावा लावला त्याला या कायद्याखाली भरपाईचा हक्क राहत नाही. आणि उलट, ज्याने आयुक्तांपुढे भरपाईची मागणी दाखल केली, किंवा मालकाशी या कायद्याच्या तरतुदींनुसार भरपाई देण्याघेण्याचा करार केला, त्याचा नुकसानीचा दावा कोणत्याही न्यायालयात चालणार नाही. मोटार वाहन कायद्याचे १६७ वे कलम त्याच धर्तीवर म्हणते की, जेथे दोन्ही कायद्यांखाली हक्क उत्पन्न होतो तेथे जखमी मनुष्याने दोहोंपैकी कोणत्याही एका कायद्याखाली भरपाई मागावी, दोन्हींखाली मागू नये. एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने हा विकल्पाचा सिद्धांत स्पष्ट शब्दांत मांडला: एकदा नुकसानभरपाई कायद्याचा मार्ग पत्करून त्याखाली निवाडा मिळवल्यानंतर, त्याच प्रकरणात मोटार वाहन कायद्याच्या मोजमापाने अधिक रक्कम मागता येत नाही.

हे वाचून जखमी मनुष्याचा धीर सुटण्याचे कारण नाही. माझ्या मते या कायद्याची खरी कठोरता निवडीच्या बंधनात जितकी नाही, त्याहून कितीतरी अधिक ती एकरकमी भरपाईच्या कल्पनेत आहे. एखाद्या विशिष्ट दिवशी डॉक्टरने शरीराची पाहणी करायची, टक्केवारीचा एक आकडा लिहायचा, त्या आकड्याने पगाराला गुणायचे आणि हिशेब कायमचा बंद करायचा, ही रीत मालकाच्या आणि विमा कंपनीच्या खातेवहीला सोयीची आहे यात शंका नाही. पण हाडात शिरलेला जंतुसंसर्ग, हळूहळू मरत जाणारी नस, किंवा पुन्हा पुन्हा सरकणारा मणका यांना ती खातेवही ठाऊक नसते. म्हणून ‘घेतलेला विकल्प मागे कसा घ्यावा’ या प्रश्नाच्या आधी ‘हिशेब अजून उघडा आहे की बंद झाला’ हा प्रश्न विचारावा, म्हणजे पुष्कळ प्रकरणांत मार्ग बदलण्याची गरजच नसते असे आढळून येईल.

हिशेब उघडा असण्याची सर्वांत सामान्य अवस्था म्हणजे पंधरवड्याच्या हप्त्याची. अपघातामुळे तात्पुरती अक्षमता आली असेल, तर चौथ्या कलमाप्रमाणे दर पंधरवड्यास मासिक वेतनाच्या २५ टक्के इतका हप्ता, जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत, मिळू शकतो. २०२० पासून हिशेबात धरण्याच्या वेतनाची कमाल मर्यादा मासिक १५,००० रुपये असल्यामुळे, या मर्यादेने हा हप्ता ३,७५० रुपयांचा होतो. रक्कम लहान आहे, त्यावर घर चालत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण या हप्त्याला सहाव्या कलमाचे जे संरक्षण आहे त्याची किंमत रकमेहून मोठी आहे: प्रकृतीत बदल झाला आहे असा योग्य डॉक्टरचा दाखला जोडून अर्ज केला, तर आयुक्त हप्ता चालू ठेवू शकतात, वाढवू शकतात, कमी करू शकतात किंवा बंदही करू शकतात, आणि अपघाताची परिणती कायमच्या अपंगत्वात झाली आहे असे आढळल्यास, हप्त्यांपोटी दिलेली रक्कम वजा करून त्या हप्त्याचे एकरकमी भरपाईत रूपांतर करू शकतात. फेरविचाराचा हा अधिकार केवळ पंधरवड्याच्या हप्त्यांना लागू आहे, एकदा ठरलेल्या एकरकमी भरपाईला नाही. त्यामुळे शस्त्रक्रिया बाकी असताना, सळई किंवा प्लेट काढायची राहिली असताना, किंवा जखमेतून पू येत असताना एकरकमी रक्कम स्वीकारणे म्हणजे फेरविचाराचा आपला हक्क आपल्याच हाताने विकणे होय.

सातव्या कलमाखाली हप्त्यांच्या बदल्यात एकरकमी रक्कम घेण्याची मुभा दोन्ही पक्षांना आहे. परस्पर संमती असेल तर ती केव्हाही अमलात येते, आणि संमती नसेल तर हप्ते निदान सहा महिने चालल्यानंतर कोणत्याही पक्षाला आयुक्तांकडे तशी मागणी करता येते. मालकाने अशी मागणी केली तर जखमी मनुष्याने मौन न राखता, जखम अद्याप स्थिरावलेली नाही, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या हस्ताक्षरात दाखवून तिला हरकत घ्यावी.

एक हिशेब मांडून पाहू, म्हणजे घाईची किंमत ध्यानात येईल. चाकण, भोसरी, वाळूज यांसारख्या औद्योगिक वसाहतींत दाबयंत्रावर बोटे सापडणे हा नेहमीचा अपघात आहे. पस्तीस वर्षांच्या, १५,००० रुपये किंवा त्याहून अधिक वेतन असलेल्या कामगाराची एका हाताची दोन बोटे गेली, तर कायद्याच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे त्याच्या अर्जनक्षमतेची हानी २० टक्के धरली जाते. वेतनाच्या ६० टक्क्यांना, म्हणजे ९,००० रुपयांना, त्या वयाच्या १९७.०६ या गुणकाने गुणले की १७,७३,५४० रुपये येतात आणि त्याचे २० टक्के म्हणजे ३,५४,७०८ रुपये ही त्याची भरपाई ठरते. चार महिन्यांनी जंतुसंसर्गामुळे तिसरे बोटही कापावे लागले, तर अनुसूचीतील आकडा ३० टक्के होतो आणि भरपाई ५,३२,०६२ रुपये. म्हणजे चार महिन्यांची उतावळी १,७७,३५४ रुपयांना पडते, आणि त्याखेरीज तिसऱ्या बोटाच्या उपचाराचा खर्च निराळा. वास्तविक २००९ च्या दुरुस्तीपासून नोकरीत झालेल्या इजांवरील प्रत्यक्ष वैद्यकीय खर्च मालकाने परत करावयाचा आहे, पण हिशेब ‘मिटल्याच्या’ कागदावर सही करून बसलेला मनुष्य तोही मागायला धजत नाही.

अनुसूचीतील टक्केवारी हीच अखेरची, असा समज मात्र बाळगू नये. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या प्रकरणात, दोन्ही हातांवाचून सुतारकाम होत नाही या साध्या सत्याला मान देऊन सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात त्याची हानी संपूर्ण ठरवली होती. सरकारी रुग्णालयाचे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र शरीराची हानी मोजते, आयुक्तांपुढील प्रश्न कमाई करण्याच्या शक्तीच्या हानीचा असतो, आणि डॉक्टरने दाखल्यात ही दुसरी गोष्ट, कामाचे स्वरूप नमूद करून, लिहिली नसेल तर ती लिहून घेण्याची जबाबदारी अर्जदारावर पडते.

समजा, सही होऊन गेली आहे. तर तो कागद बाहेर काढून दिव्याखाली नीट वाचावा. नुकसानभरपाईची रक्कम कराराने ठरवली असेल, तर २८ व्या कलमाप्रमाणे त्या कराराचे ज्ञापन मालकाने आयुक्तांकडे पाठवून नोंदवून घ्यावे लागते. आयुक्त पक्षकारांना सूचना देतात, सूचनेनंतर सात दिवस लोटल्याशिवाय नोंद करता येत नाही, आणि रक्कम अपुरी आहे किंवा करार लबाडीने, अयोग्य दडपणाने वा अन्य गैर उपायाने घडवून आणला आहे असे दिसल्यास ते नोंद नाकारू शकतात. नोंदवही केव्हाही दुरुस्त करण्याचा अधिकारही त्यांना आहे. तेव्हा आयुक्तांची सूचना हाती पडल्यावर, ‘सही तर केलीच आहे, आता काय बोलायचे’ असे म्हणून ती तशीच ठेवून देणाऱ्याने आपली सर्वांत सोपी संधी दवडली असे समजावे; सूचनेच्या तारखेस हजर राहून जखम बळावल्याचे कागद पुढे ठेवले, तर मार्ग बदलण्याचा प्रश्न उद्भवण्यापूर्वीच तो अपुरा करार बाजूला पडू शकतो.

व्यवहारात मात्र बहुसंख्य करार नोंदलेच जात नाहीत. ठेकेदार किंवा मुकादम रुग्णालयाच्या खाटेपाशी मुद्रांकाचा कागद घेऊन येतो, नोटरीचा शिक्का मारला जातो, ‘यापुढे माझी काहीएक तक्रार राहिली नाही’ असे वाक्य त्यात असते, आणि त्या शिक्क्याचा धाक जखमी मनुष्याच्या मनावर जन्मभर राहतो. हा धाक निराधार आहे. १७ व्या कलमाप्रमाणे, नोकरीत झालेल्या इजेबद्दलचा भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा या कायद्याखालील मालकाची जबाबदारी कमी करणारा करार तेवढ्यापुरता शून्यवत असतो. आणि २९ व्या कलमाप्रमाणे, ज्या मालकाने कराराचे ज्ञापन पाठवले नाही तो कायद्याने होणारी संपूर्ण भरपाई देण्यास बांधलेला राहतो, शिवाय त्याने आधी दिलेल्या रकमेपैकी, आयुक्तांनी निराळा हुकूम केला नाही तर, निम्म्याहून अधिक रक्कम त्याला वळती करून घेता येत नाही. वरच्या उदाहरणातील कामगाराला नोटरीच्या कागदावर २,००,००० रुपये देऊन वाटेला लावले असेल, आणि आता त्याची रीतसर भरपाई ५,३२,०६२ रुपये होत असेल, तर मालकाला एक लाखच वजा करता येतील आणि ४,३२,०६२ रुपये देणे राहील. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रजी अमदानीत, गिरणीमालकांच्या काळात, हे कलम लिहिणाऱ्याने मालकवर्गाचा स्वभाव चांगलाच ओळखलेला असावा.

या उपायाला मुदतीची मर्यादा आहे, ती विसरू नये. दहाव्या कलमाप्रमाणे मागणी अपघातापासून दोन वर्षांच्या आत दाखल व्हावी लागते. पुरेसे कारण दाखवल्यास आयुक्त विलंब माफ करू शकतात, आणि मालक देत असलेल्या रकमेवर व त्याने दिलेल्या आश्वासनावर विसंबून राहिल्यामुळे अर्ज केला नाही, किंवा अपंगत्वाचे खरे स्वरूप पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत कळलेच नाही, ही कारणे कागदोपत्री आधार असल्यास मांडण्यासारखी आहेत. पण माफीच्या भरवशावर स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही.

दुसरा नाजूक प्रश्न असा की, विकल्प ‘घेतला’ असे नेमके केव्हा म्हणायचे. मालकाने आपण होऊन रक्कम दिली किंवा आयुक्तांकडे भरली, आणि जखमी मनुष्याने किंवा त्याच्या वारसाने ती उचलली, एवढ्याने विकल्प घेतला जात नाही. बागलकोटच्या एका मृत कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली असे ठरवले की, मालकाने स्वतःहून भरलेली रक्कम विधवेने स्वीकारली तरी तिने स्वतः नुकसानभरपाई कायद्याखाली मागणीचा अर्ज केलेला नसल्यामुळे मोटार वाहन कायद्याचा मार्ग तिला मोकळा आहे. अर्थात आधी मिळालेली रक्कम अखेरच्या भरपाईतून वजा होईल. तेव्हा जखमी वाहनचालकाने किंवा क्लीनरने मालकाकडून उपचारासाठी वा घरखर्चासाठी पैसे घेताना पावतीवर ‘अमुक कायद्याखालील संपूर्ण भरपाई’ असे न लिहिता, घेतलेली रक्कम आणि तिचे प्रयोजन तेवढेच लिहावे.

आणि अर्ज केलेला असून निवाडा झालेला नसेल तर? येथेच विकल्प मागे घेण्याची खरी जागा आहे. आयुक्तांपुढील कामकाजाला १९२४ च्या नियमांनी दिवाणी प्रक्रिया संहितेतील जे आदेश लागू केले आहेत, त्यांत २३ व्या आदेशाचे पहिले दोन नियमही आहेत. त्यांच्या आधाराने, पुन्हा योग्य ठिकाणी मागणी करण्याची मुभा राखून अर्ज मागे घेण्याची परवानगी मागता येते. या परवानगीतील ‘मुभा राखून’ हे शब्द प्राणभूत आहेत. कित्येकदा पक्षकाराला कंटाळा येतो किंवा वकील बदलतो, एक ओळीची पुरशीस देऊन अर्ज काढून घेतला जातो, आणि मग न्यायाधिकरणापुढे विमा कंपनीचा वकील ती ओळ वाचून दाखवतो. मागे घेण्याच्या अर्जात अपघातानंतर प्रकृती कशी पालटली, आधीचा अर्ज कोणत्या वैद्यकीय समजुतीवर केला होता, आणि नवीन मागणी कोणत्या कायद्याखाली करावयाची आहे, हे तिन्ही मुद्दे मांडून, परवानगीचा हुकूम लेखी घेऊन त्याची प्रमाणित नक्कल हाती आल्यावरच पुढचे पाऊल टाकावे. विरुद्ध पक्ष १६७ व्या कलमाची आणि तिसऱ्या कलमाची हरकत घेईलच. तिला उत्तर देण्याची तुमची ताकद निवाडा झालेला नसण्यात आणि पैसे उचललेले नसण्यात आहे. निवाडा होऊन पैसे घेतल्यावर ही वाट जवळजवळ बंद होते, आणि उरते ती केवळ उच्च न्यायालयाची. तेथे ३० व्या कलमाखाली साठ दिवसांच्या आत आणि कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असेल तरच अपील करता येते, जखम नंतर बळावली हा वस्तुस्थितीचा मुद्दा तेथे सहसा ऐकला जात नाही.

मार्ग बदलण्याचा मोह होण्यापूर्वी दुसरा मार्ग खरोखर चांगला आहे काय, हेही पाहावे. नाशिकहून कांदा घेऊन निघालेली मालमोटार दुसऱ्या वाहनाच्या चुकीने उलटली आणि क्लीनरचा पाय गेला, तर मोटार वाहन कायद्याखाली त्याला बहुधा पुष्कळ अधिक मिळेल, कारण तेथे वेतनाला पंधरा हजारांची मर्यादा नाही, आणि वेदना, भावी उपचार व भावी उत्पन्नवाढ यांचाही विचार होतो. पण ज्याची स्वतःचीच चूक होती अशा चालकाला निष्काळजीपणावर आधारलेली मागणी करता येत नाही. त्याच्या दृष्टीने चूक कोणाची हे न विचारणारा १९२३ चा कायदाच हितकर. शिवाय, मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीने एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करण्याचे बंधन घातले आहे. त्या बंधनाबद्दल न्यायालयांत वाद चालू असला, तरी त्या वादाच्या निकालावर आपली भाकरी टांगून ठेवू नये.

न्यायाधिकरणाकडे गेलेल्यांनाही जखम बळावण्याचा धोका आहेच, किंबहुना तेथे तो अधिक अटळ आहे. अखेरचा निवाडा झाल्यावर पुढे वाढलेल्या खर्चासाठी दुसरा निवाडा देण्याची तरतूद मोटार वाहन कायद्यात नाही, म्हणून भावी उपचारांची रक्कम पहिल्या निवाड्यातच धरली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने दोन दशकांपूर्वीच सांगितले आहे. यासाठी शस्त्रवैद्याकडून भावी शस्त्रक्रियेचा अंदाजी खर्च, कृत्रिम अवयव वारंवार बदलावा लागणार असेल तर त्याचा कालावधी व किंमत, हे लेखी घेऊन पुराव्यात दाखल करावे आणि शक्य तर त्या डॉक्टरची साक्ष घ्यावी. लोकअदालतीच्या तारखेस तर विशेष सावध असावे. तेथील तडजोड अंतिम असते, तिच्यावर अपील नाही, आणि मंडपातल्या गडबडीत, धनादेश समोर दिसत असताना, तीन महिन्यांनी होणाऱ्या शस्त्रक्रियेची आठवण कोणालाच राहत नाही.

राज्य विम्याच्या कामगाराची स्थिती या बाबतीत पुष्कळ बरी आहे, हे थोड्यांना माहीत असते. त्याला एकरकमी भरपाईऐवजी कायम अपंगत्वाचा नियतकालिक लाभ मिळतो, आणि १९४८ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे, मोजमापानंतर इजेचे परिणाम मोठ्या प्रमाणात व अनपेक्षितपणे वाढले आहेत असे वैद्यकीय मंडळाला पटले, तर ते मंडळ अपंगत्वाचे पुनर्मूल्यन करू शकते. सामान्यतः पहिल्या मोजमापापासून पाच वर्षांच्या आत, आणि मोजमाप तात्पुरते असेल तर सहा महिन्यांच्या आत, असा अर्ज करण्यास वैद्यकीय अपील न्यायाधिकरणाची अनुज्ञा लागते. वाढीव लाभ अर्जाच्या तारखेपूर्वीच्या काळासाठी मिळत नाही, सबब दुखणे वाढताच अर्ज करावा.

या सगळ्या उपायांचा पाया कागद हाच आहे. अपघाताच्या दिवसाचे रुग्णालयाचे नोंदपत्र, डिस्चार्ज कार्ड, तारखेवार क्ष-किरण चित्रे, औषधांच्या पावत्या, पोलिसांचा पंचनामा असल्यास त्याची नक्कल, हजेरीपत्रक व पगाराची चिठ्ठी हे एका पिशवीत जमवावे. आणि जखम बळावली असे वाटल्यावर पहिले काम वकील शोधण्याचे नसून, आजचे दुखणे त्या मूळ अपघातातूनच उद्भवले आहे, मधुमेहातून किंवा दुसऱ्या पडण्यातून नव्हे, असे कारणमीमांसेसह लिहिलेला डॉक्टरचा दाखला मिळवण्याचे आहे, कारण विरुद्ध बाजूचा पहिला आक्षेप नेमका तोच असतो.

वकिलाच्या फीची चिंता असलेल्यांनी जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी गाठावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे औद्योगिक कामगार, स्त्रिया आणि दिव्यांग व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तेथे जाताना वरील पिशवीबरोबर सही केलेल्या कराराची प्रत न्यावी, आणि प्रत दिलेलीच नसेल तर ती मालकाकडे लेखी मागितल्याच्या पत्राची टपालाची पोचपावती न्यावी. हा करार आयुक्तांच्या नोंदवहीत आहे की नाही, ही चौकशी त्या वकिलाला सर्वांत आधी करायला सांगावी.